डाव्या कोपऱ्यातली नावं

१९९५च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ बाजारात आलं. त्याच्या सीडीत संगणक चालवण्याच्या फायलींबरोबर गमतीजमतीचा एक कप्पा होता आणि त्या कप्प्यात दोन म्युझिक व्हिडिओ होते. घरचा संगणक आता हलती चित्रंही दाखवतो, एवढंच मायक्रोसॉफ्टला सांगायचं होतं. त्यातला एक व्हिडिओ लॉस एंजेलिसच्या वीझर या बँडचा, गाण्याचं नाव ‘बडी हॉली’. ज्यांनी संगणक हिशेबासाठी किंवा पोरांच्या अभ्यासासाठी घेतला होता, अमेरिकन रॉकशी ज्यांचं काही देणंघेणं नव्हतं, अशांनीही सगळी बटणं दाबून झाल्यावर कधीतरी ती फाईल उघडली. ध्यानीमनी नसताना त्यांना एक बँड सापडला.

व्हिडिओ होताच तसा. ‘हॅपी डेज’ ही अमेरिकेत १९७४ ते १९८४ या काळात गाजलेली मालिका. तिच्यातलं गोष्टीतलं हॉटेल पुन्हा उभं करून दिग्दर्शक स्पाइक जोन्झने बँडला तिथे गायला लावलं आणि मालिकेतले जुने तुकडे मध्ये मध्ये असे बेमालूम जोडले, की मालिकेतली पात्रंच वीझरच्या तालावर नाचताहेत असं वाटावं. जिथे जोड उघडा पडला असता तिथे तशाच कपड्यांतले तोतये पाठमोरे उभे केले. संगणकाची करामत मिरवण्यासाठी निवडलेला हा व्हिडिओ मुख्यतः कात्री आणि नजरबंदीवर उभा होता, ही त्यातली गंमत.

ज्याला हे आवडलं त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक सरळ, म्हणजे वीझरची बाकीची गाणी ऐकणं. दुसरी वाट जरा आडवळणाची: हे ज्याने केलं त्या माणसाने आणखी कोणासाठी काय केलंय, ते शोधणं. फारशा न गाजलेल्या बँडांपर्यंत पोहोचवणारी खरी वाट ही दुसरी.

त्या वाटेने गेलं की वॅक्स नावाचा लॉस एंजेलिसचाच एक पंक बँड भेटतो. १९९५ सालचं त्यांचं ‘कॅलिफोर्निया’ हे गाणं. व्हिडिओत बँडचं कौतुक नाही, कथा नाही, नाच नाही. एक माणूस फुटपाथवरून धावतोय आणि त्याचं अंग पेटलेलं आहे. सगळं संथ गतीत, एकाच शॉटमध्ये, एका चालत्या गाडीतून पाहिल्यासारखं. गाडीतलं मूल काचेतून शांतपणे बघतंय. बराच वेळ गेल्यावर लक्षात येतं, की या माणसाला बस पकडायची आहे. स्टंटमनचं काही सेकंदांचं धावणं वेगवान कॅमेऱ्यात टिपून गाणंभर पुरवलेलं आहे. व्हिडिओ पाहणाऱ्याला गाण्याची चाल दुसऱ्या दिवशी आठवेलच असं नाही, पण तो माणूस आठवतो. आणि तो आठवला की गाणं पुन्हा लावावंसं वाटतं.

त्याच वाटेवर पुढे डायनोसॉर ज्युनिअर आहे. हा मॅसॅच्युसेट्सचा कानठळ्या बसवणारा गिटारबँड १९९४च्या ‘फील द पेन’मध्ये मॅनहॅटनच्या भर रस्त्यांतून, इमारतींवरून गोल्फ खेळत जातो. मग ब्रीडर्स येतात. त्यांच्या १९९३च्या ‘कॅननबॉल’मध्ये तोफेचा गोळा रस्त्यावरून गडगडत जातो. हा व्हिडिओ जोन्झने सॉनिक यूथ या बँडच्या किम गॉर्डनबरोबर केला होता, म्हणजे तिथून आणखी एक फाटा फुटतो. एका नावाचा पाठलाग केला तर आठवड्याभरात चार बँड झोळीत पडतात.

पण हे नाव मिळायचं कुठून? केबल टीव्हीच्या काळात त्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसावं लागे. गाणं सुरू झालं की पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काही सेकंद अक्षरं उमटत: बँडचं नाव, गाण्याचं नाव, अल्बम, रेकॉर्ड कंपनी. गाणं संपताना पुन्हा एकदा. मध्येच टीव्ही लावणाऱ्याला शेवटपर्यंत थांबणं भाग होतं, आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी बातम्या लावायला सांगे. या चार ओळींत दिग्दर्शकाचं नाव नव्हतं. एमटीव्हीने ते द्यायला सुरुवात केली १९९२च्या अखेरीस, म्हणजे वाहिनी सुरू होऊन अकरा वर्षं उलटल्यावर.

गाणं नुसतं ऐकवायचं नाही, दाखवायचंही, ही हौस मात्र एमटीव्हीच्या कितीतरी आधीची. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या बार आणि हॉटेलांत पॅनोरम नावाचं कपाटाएवढं यंत्र असे. दहा सेंट टाकले की तीनेक मिनिटांची गाण्याची फिल्म दिसे. या फिल्मना ‘साउंडीज’ म्हणत. अडचण एकच. एका रिळावर आठ गाणी ओळीने जोडलेली असत आणि निवड करायची सोय नव्हती. नाणं टाकल्यावर जे पुढचं असेल ते पाहायचं. आवडतं गाणं पुन्हा पाहायचं तर मधली सात पैसे देऊन सोसायची. आज मात्र जाझच्या अभ्यासकांना याच गैरसोयीच्या फिल्मांमध्ये एरवी कॅमेऱ्यासमोर क्वचितच आलेले कितीतरी कृष्णवर्णीय वादक सापडतात. १९६० साली फ्रान्समध्ये स्कोपिटोन आलं, त्यात निवडीची सोय होती. पुढे दोन्ही मोडीत निघाली.

१ ऑगस्ट १९८१च्या मध्यरात्री एमटीव्ही सुरू झालं ते बगल्स या ब्रिटिश जोडगोळीच्या गाण्याने. व्हिडिओने रेडिओच्या गायकाचा बळी घेतला, अशा अर्थाचं ते गाणं दोन वर्षं जुनं होतं. सुरुवातीलाच जुनं गाणं आणि तेही परदेशी, याचं कारण साधं होतं. चोवीस तास भरून काढायचे होते आणि अमेरिकन कंपन्यांकडे व्हिडिओच पुरेसे नव्हते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मात्र ते पडून होते. तिथे टीव्हीवर गाण्यांचे साप्ताहिक कार्यक्रम जोरात चालत आणि दौऱ्यावर असलेला बँड स्टुडिओत हजर राहू शकला नाही की त्याची फिल्म दाखवली जाई. ऑस्ट्रेलिया तर सगळ्यांपासूनच लांब. तिथल्या बँडने लंडनला जाण्यापेक्षा त्याची फिल्म पाठवणं कितीतरी स्वस्त.

या फिल्म एमटीव्हीला आयत्या मिळाल्या. अमेरिकेतली रेडिओ स्टेशनं ज्यांना हिंग लावून विचारत नव्हती असे मेन ॲट वर्क, ए फ्लॉक ऑफ सीगल्स, डुरॅन डुरॅन हे बँड दिवसातून अनेकदा दिसू लागले. ज्या गावांत केबलवर एमटीव्ही येत होतं, तिथल्या दुकानांत रेडिओवर न वाजलेल्या गाण्यांच्या रेकॉर्ड मागितल्या जाऊ लागल्या, तेव्हा कंपन्यांचे डोळे उघडले.

या उदारपणाला एक मोठं भोक होतं, ते झाकून चालणार नाही. पहिल्या काही वर्षांत एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलाकार जेमतेम दिसत. १९८३ साली डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीत उलट प्रश्न विचारून याबद्दल धारेवर धरलं होतं. अनोळखी गोऱ्या बँडला कोपरा मिळत होता, ओळखीच्या काळ्या गायकाला नाही.

व्हिडिओचं महत्त्व टीव्हीवाल्यांच्या आधी ओळखलेला एक बँड म्हणजे डीव्हो. ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायर बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. तिथल्या या पोरांनी १९७६ साली, एकही अल्बम निघालेला नसताना, आपल्या गाण्यांची छोटी फिल्म काढली. मनुष्यजात प्रगत होत नसून मागे मागे चालली आहे, हा त्यांचा सिद्धांत. बँडचं नावही त्यावरूनच. मुखवटे, कारखान्यातले अंगरखे, यंत्रासारख्या हालचाली. ॲन आर्बरच्या चित्रपट महोत्सवात या फिल्मला पुढच्या वर्षी बक्षीस मिळालं. एमटीव्ही सुरू झालं तेव्हा दाखवण्याजोगं काही तयार असलेल्या मोजक्या अमेरिकन बँडांत डीव्हो होता.

नॉर्वेच्या अ-हाचं उलट झालं. ‘टेक ऑन मी’ हे त्यांचं गाणं १९८४ साली एका साध्या व्हिडिओसह आलं आणि बाहेरच्या जगात कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. गाणं नव्याने ध्वनिमुद्रित झालं, तरी लगेच काही हललं नाही. मग स्टीव्ह बॅरन या दिग्दर्शकाने दुसरा व्हिडिओ केला: कॉफीहाउसमधली मुलगी चित्रकथा वाचतेय, त्यातला नायक डोळा मारतो आणि पेन्सिलीने काढलेला हात कागदातून बाहेर येतो. आधी खऱ्या माणसांचं चित्रण करायचं, मग एकेक चौकट घेऊन तिच्यावरून पेन्सिलीने चित्र काढायचं, असं ते काम. मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर या दोघांनी सुमारे ३००० चौकटी काढल्या. त्याला सोळा आठवडे लागले. १९८५च्या ऑक्टोबरमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्याआधी नॉर्वेच्या एकाही बँडला ते जमलं नव्हतं.

मोठ्या कंपनीने असा पैसा ओतला तर अनोळखी बँडही तरतो, यात नवल नाही. नवल आहे ते कॅनडा आणि न्यूझीलंडचं. शेजारच्या अवाढव्य बाजारापुढे आपली गाणी बुडून जातील, ही कॅनडाची जुनी भीती. १९८४ साली तिथे मचम्युझिक ही वाहिनी आली आणि तिच्याबरोबर कॅनडाच्या कलाकारांना व्हिडिओसाठी अनुदान देणारी व्हिडिओफॅक्ट ही संस्था. न्यूझीलंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या ‘एनझेड ऑन एअर’ने पुढे हेच केलं, एका व्हिडिओमागे ५००० न्यूझीलंड डॉलर ही रक्कम तिथल्या बँडांत वर्षानुवर्षं प्रसिद्ध होती. एवढ्यात भव्य सेट बसत नाही. मग मित्राचं शेत, कोणाची तरी गाडी, समुद्रकिनारा आणि एक बरी कल्पना. ऑकलंड किंवा ड्यूनेडिनच्या नाव न ऐकलेल्या बँडचा तीस वर्षांपूर्वीचा नीटनेटका व्हिडिओ आज सापडतो, तेव्हा त्यामागे बहुधा असा एखादा अर्ज आणि मंजुरीचा शिक्का असतो. सरकारी अनुदानातून बरी कला निघत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे व्हिडिओ जरूर पाहावेत.

दाखवण्याची वेळही महत्त्वाची. एमटीव्हीने मार्च १९८६ पासून रविवारी मध्यरात्री ‘१२० मिनिट्स’ हा कार्यक्रम सुरू केला, दिवसा न चालणाऱ्या बँडांसाठी. जाहिरातदारांना नको असलेली वेळ म्हणजे धाडसाला मोकळं रान. निर्वाणाचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ सप्टेंबर १९९१ मध्ये पहिल्यांदा इथेच दिसलं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी एबीसीवर १९८७ पासून ‘रेज’ चालतं. रात्रभर व्हिडिओ, निवेदक नाही, बडबड नाही. पाहुणा बँड स्वतःच्या आवडीचे व्हिडिओ निवडतो. आवडत्या बँडला काय आवडतं, हे कळण्याइतकी चांगली शिफारस दुसरी नाही.

आपल्याकडे हे सगळं १९९१ नंतर तबकडीतून उतरलं. हाँगकाँगच्या स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही एशिया आलं, १९९४ मध्ये चॅनेल व्ही, १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया. दूरदर्शनवर ‘चित्रहार’ आणि ‘छायागीत’ पाहून वाढलेल्या पिढीला चित्रपटाबाहेरचं गाणं ‘दिसतं’, हेच नवं होतं. मुंबईत १९८४ पासून इंग्रजी रॉक वाजवणारा रॉक मशीन हा बँड तोवर कॉलेजांच्या महोत्सवांतल्या गर्दीला ठाऊक होता. १९९३ मध्ये त्याने नाव बदलून इंडस क्रीड केलं. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर गिटारवर. ‘प्रिटी चाइल्ड’ या त्यांच्या व्हिडिओने त्यांना मुंबईबाहेर, देशाबाहेर चेहरा दिला आणि एमटीव्हीचा पुरस्कारही मिळवून दिला. गिरगावातल्या किंवा नाशकातल्या पोराने तो पाहिला, तेव्हा असं गिटार वाजवणारा माणूस आपल्यासारख्या आडनावाचा असू शकतो, हे त्याला खालच्या कोपऱ्याने नाही तरी कॅसेटच्या आतल्या कागदाने सांगितलं.

हिंदीत १९९८ हे साल भरभराटीचं. दिल्लीच्या युफोरियाचं ‘धूम पिचक धूम’ आलं, सिल्क रूटचं ‘डूबा डूबा’ पाण्याखाली चित्रित झालेलं आलं. ही गाणी आज चाळिशीतल्या माणसाला चालीआधी चित्राने आठवतात. युफोरियाचा व्हिडिओ प्रदीप सरकार यांचा. ‘परिणीता’ हा त्यांचा चित्रपट सात वर्षांनंतरचा. मात्र त्या काळात आपल्या प्रेक्षकांनी दिग्दर्शकाच्या नावाचा पाठलाग केल्याचं फारसं दिसत नाही. व्हिडिओत दिसणाऱ्या नव्या चेहऱ्याचा पाठलाग केला, हे मात्र खरं. चित्रपटाची सवय!

व्हिडिओ बँडला दार उघडून देतो, तसा कधी कधी त्याला गिळूनही टाकतो. ब्लाइंड मेलनचा पहिला अल्बम १९९२च्या सप्टेंबरमध्ये आला आणि थंड पडून राहिला. मुखपृष्ठावर मधमाशीच्या पोशाखातली एक छोटी मुलगी होती. तो ड्रमर ग्लेन ग्रॅमच्या बहिणीचा जुना फोटो. १९९३ मध्ये सॅम्युएल बायर या दिग्दर्शकाने (निर्वाणाचा तो व्हिडिओही याचाच) फोटोतली मुलगी जिवंत केली: मधमाशी बनून नाचणारी चष्मिष्ट पोर, तिला हसणारे प्रेक्षक, शहरभर तिची पायपीट आणि शेवटी हिरव्या माळावर नाचणारी, सगळीच मधमाश्यांच्या पोशाखातली माणसं. ‘नो रेन’ हे गाणं वर आलं, अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. पण लोकांना मधमाशी हवी होती. बँडचा मूळ बाज खरखरीत, सत्तरच्या दशकातल्या दाक्षिणात्य अमेरिकन रॉकच्या वळणाचा. त्या एका गोड गाण्यावरून त्याचा अंदाज येत नाही. गायक शॅनन हून १९९५च्या ऑक्टोबरमध्ये दौऱ्यावर असतानाच गेला. त्यांचा दुसरा अल्बम ‘सूप’ त्याआधी दोनच महिने आलेला, पहिल्याहून गडद आणि जाणकारांनी पुन्हा पुन्हा वर काढलेला. मधमाशीच्या पलीकडे गेलेल्यालाच तो भेटतो.

ओके गोने या धोक्याशी संसारच थाटला. शिकागोत १९९८ साली सुरू झालेला हा चौघांचा बँड. २००५ मध्ये त्यांनी गायक डेमियन कुलॅशच्या घराच्या परसात एका स्थिर कॅमेऱ्यासमोर ‘अ मिलियन वेज’वर नाच केला. नाच बसवला त्याची बहीण ट्रिश सी हिने. मजेची गोष्ट म्हणजे गाणं कुलॅशने म्हटलेलं, पण कॅमेऱ्यासमोर ओठ हलवतो बासवादक टिम नॉर्डविंड. फितीच्या प्रती हातोहात पसरल्या. पुढच्या वर्षी जुलैअखेर ‘हिअर इट गोज अगेन’ यूट्यूबवर आलं. आठ ट्रेडमिल, चार माणसं, एकच सलग शॉट. सरकत्या पट्ट्यांवर ही मंडळी घसरतात, उड्या मारतात, एकमेकांच्या मधून आरपार जातात, आणि चेहरे कारकुनासारखे गंभीर. कंपनीला न विचारता, बहिणीच्या घरी केलेला हा उद्योग. त्याला ग्रॅमी मिळालं. गाणं मात्र अमेरिकेच्या यादीत ३८च्या वर गेलं नाही.

या गोष्टीचं उत्तरकांड पैशाचं आहे. लोक ओके गोचे व्हिडिओ आपापल्या पानांवर चिकटवत, म्हणूनच ते पसरले होते. पण तसं दाखवल्याचे पैसे कंपनीला मिळत नव्हते. म्हणून ईएमआय या त्यांच्या कंपनीने ती सोय बंद केली. कुलॅशने फेब्रुवारी २०१०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून हिशेब मांडला: ट्रेडमिलचा व्हिडिओ दिवसाला दहा हजारांच्या आसपास पाहिला जाई, तो आकडा हजारावर आला. महिन्याभरात बँड कंपनीतून बाहेर पडला आणि त्याने स्वतःची छोटी कंपनी काढली. आता पैसा कुठला? तो जाहिरातदारांचा. विमा कंपनीच्या मदतीने गोदामात उभारलेलं, एका ठोकरीतून शेकडो ठोकरी घडवत जाणारं अजस्र यंत्र; मीठ कंपनीच्या पैशावर ४.२ सेकंदांत घडलेले स्फोट संथ करून पुरवलेलं अख्खं गाणं. २०१६ मध्ये रशियन विमान कंपनी एस-सेव्हनच्या साहाय्याने ‘अपसाइड डाउन अँड इनसाइड आउट’. अंतराळवीरांच्या सरावाचं विमान उंच चढून कमानीसारखं खाली येतं, तेव्हा आतल्या माणसांना जवळजवळ अर्धा मिनिट वजन उरत नाही. मग पुन्हा चढण, पुन्हा कमान. बँडने अशा आठ कमानी सलग चित्रित केल्या. मधल्या काही मिनिटांत जिथे आहोत तिथे गप्प बसून राहायचं आणि तेवढा भाग नंतर कापायचा. तारा नाहीत, संगणकाची जादू नाही. पोटं ढवळली ती वेगळी.

हे सगळं पाहून झाल्यावर एक गोष्ट करून बघावी. डोळे मिटून ओके गोचं गाणं ऐकावं. बरं असतं, ठेका पकडून ठेवणारं, जरा सुबक. व्हिडिओइतकं अचाट नाही. हे त्यांचं अपयश मानायचं का? ज्यांची कला मुळात दोन्ही मिळून आहे, त्यांना एक डोळा मिटून मोजणं बरोबर वाटत नाही.

स्वस्तात काम भागवणाऱ्यांच्या पंगतीत पॅरिसचा होल्ड युअर हॉर्सेस हा बँड बसतो. २०१०च्या त्यांच्या ‘७० मिलियन’ या व्हिडिओत बँडचे सगळे जण एकामागून एक प्रसिद्ध चित्रांची सोंगं काढतात: लिओनार्दोचं शेवटचं भोजन, बोतिचेल्लीची व्हीनस, रेम्ब्रांटचा शवविच्छेदनाचा धडा. पडदे, चादरी, रंग आणि गॅदरिंगला शोभेल असा उत्साह. चित्रकला शिकवणाऱ्यांना हा व्हिडिओ फार आवडतो. बँडचं दुसरं गाणं कोणतं, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. जपानच्या सावर या बँडने २००९ मध्ये ‘हिबी नो नेइरो’साठी कॅमेरामनही घेतला नाही. देशोदेशीच्या चाहत्यांनी आपापल्या वेबकॅमसमोर ठरलेल्या हालचाली केल्या आणि त्या चौकटी पडद्यावर फरशांसारख्या बसवल्या. एका चौकटीतला हात दुसऱ्या चौकटीत पोहोचतो, तिसऱ्या देशातला माणूस तो पकडतो.

मंगोलियाच्या द हूला मात्र जागाच हवी होती, आणि ती त्यांच्याकडे भरपूर होती. २०१८च्या सप्टेंबरमध्ये ‘युवे युवे यू’ यूट्यूबवर आलं, दोन महिन्यांनी ‘वुल्फ टोटेम’. अफाट गवताळ माळ, चामड्याचे पोशाख, घोड्याच्या डोक्याची मूठ असलेलं मोरिन खूर हे दोन तारांचं वाद्य, आपल्या मोरचंगाचा भाऊ शोभेल असं तोंडात धरून वाजवायचं लोखंडी वाद्य, आणि घशातून एकाच वेळी दोन स्वर काढणारी खर्जातली गायकी. तोवर त्यांचा एकही अल्बम निघालेला नव्हता. तो आला वर्षभराने. भाषा कोणाला कळत नव्हती आणि कोणाचं अडतही नव्हतं. दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड २०१६ मध्ये लोकप्रिय गाण्यांची मेटलमध्ये थट्टा करत सुरू झाला. ढोल आणि पंजाबी-हिंदी ओळींसह स्वतःची गाणी रचू लागल्यावर २०१९ मध्ये तो जर्मनीत वाकेनच्या प्रचंड मेटल महोत्सवात पोहोचला. पहिला स्वतःचा अल्बम त्यानंतर तीन वर्षांनी. रेकॉर्ड, मग रेडिओ, मग व्हिडिओ, मग दौरा हा जुना क्रम पार उलटा झाला आहे.

कोपऱ्यातली अक्षरंही आता गेली. बँडचं नाव मथळ्यात असतं, पण दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक हे सगळे व्हिडिओखालच्या मजकुरात ‘आणखी’वर बोट ठेवल्यावर उलगडतात. बहुतेक जण ते बोट ठेवत नाहीत. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो बहुधा याच बँडचा किंवा याच जातकुळीचा असतो. यंत्राला आवाजातलं साम्य पटकन कळतं. एका डोक्यातून निघालेल्या दोन अगदी वेगळ्या गोष्टींचं नातं तितकंसं कळत नाही.

ते नातं पाहायचं तर मिशेल गाँद्री या दिग्दर्शकाचं नाव धरून चालावं. डेट्रॉइटचे व्हाइट स्ट्राइप्स २००२ मध्ये त्याच्या ‘फेल इन लव्ह विथ अ गर्ल’मध्ये लेगोच्या ठोकळ्यांचे झाले, एकेक चौकट हाताने रचून. तिथून मागे गेलं की १९९६चं ‘शुगर वॉटर’ लागतं. सिबो मात्तो हा न्यूयॉर्कमधल्या दोन जपानी बायकांचा बँड, मिहो हातोरी आणि युका होंडा. त्यांच्या पहिल्या अल्बमातली बहुतेक गाणी खाण्यापिण्यावर. व्हिडिओत पडद्याचे उभे दोन भाग. एका भागात घटना सरळ पुढे जातात, दुसऱ्यात त्याच फितीसारख्या उलट येतात. बरोबर मध्यावर, गाडीच्या एका धडकेपाशी, दोन्ही एकमेकांना भेटतात आणि तिथून दोघींच्या जागा बदलतात. पहिल्यांदा पाहताना डोकं गरगरतं, दुसऱ्यांदा डावी बाजू पाहावी, तिसऱ्यांदा उजवी. तोवर गाणं तीनदा कानावरून गेलेलं असतं.

आणखी मागे गेलं की गायिका ब्यॉर्क येते, १९९३चं ‘ह्यूमन बिहेविअर’. तिने गाँद्रीला बोलावलं ते एका फ्रेंच बँडचा व्हिडिओ टीव्हीवर पाहून. बँडचं नाव वी वी, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘हो हो’. पॅरिसच्या कलाशाळेतल्या पोरांचा बँड, एतिएन शारी गायक, फ्रान्सबाहेर नाव नाही. बाहुल्या, कागद, खेळण्यांसारखे सेट, एकेक चौकट हलवून केलेले हे व्हिडिओ घरच्या घरी व्हायचे, कारण करणारा बाहेरचा कोणी नव्हताच. तो बँडचा ड्रमर होता. २००३ मध्ये गाँद्रीच्या निवडक व्हिडिओंची डीव्हीडी निघाली, तीत ब्यॉर्क आणि व्हाइट स्ट्राइप्सच्या बरोबरीने वी वीही होता, आणि बहुतेकांनी तो तिथेच पहिल्यांदा ऐकला. बँड तोवर मोडून अकरा वर्षं झाली होती. मोडला ते साल १९९२, एमटीव्हीने डाव्या कोपऱ्यात दिग्दर्शकाचं नाव छापायला घेतलं तेच.